मैदानावरचा मास्तर : कार्विन जेम्स

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावात खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि पावसाळा सरला की क्रिकेट. रग्बी हा शब्द कॉलेजात येईपर्यंत मी ऐकलासुद्धा नव्हता, आणि हा खेळ प्रत्यक्ष मैदानावर अजूनही पाहिलेला नाही. ग्रंथालयात खेळांवरची पुस्तके चाळताना कार्विन जेम्स हे नाव समोर आले आणि मी तिथेच थांबलो. हा माणूस खाणकामगाराचा मुलगा. त्याने विद्यापीठात आपल्या मातृभाषेचा अभ्यास केला आणि पुढे तीच भाषा शिकवून पोट भरले. जगातल्या सर्वांत बलाढ्य रग्बी संघाला त्यांच्याच घरी कसे हरवायचे, हे त्याने दाखवून दिले. आणि तरीही त्याच्या स्वतःच्या देशाचा संघ त्याच्या हाती कधी आला नाही. असे का झाले, हे समजून घ्यावेसे वाटले म्हणून हा लेख.

आधी खेळाविषयी थोडेसे. रग्बीत एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हाती घेऊन पळता येते, पायाने टोलावता येतो. मात्र हाताने पुढे फेकता येत नाही. सोबत्याला द्यायचा तर बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. चेंडू ज्याच्या हाती, त्याला प्रतिपक्ष धरून आडवा पाडतो. पुढचे आठ दणकट गडी रेटारेटी करून चेंडू मिळवतात आणि मागचे सात तो घेऊन धावतात. शक्ती आणि युक्ती यांची अशी वाटणी या खेळात मुळातच आहे.

कार्विनचा जन्म २ नोव्हेंबर १९२९ रोजी वेल्समधील केव्हनेइथिन या खेड्यात झाला. वेल्स हा ब्रिटनचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. वडील कोळशाच्या खाणीत होते. घरची भाषा वेल्श. कचेरीची आणि प्रतिष्ठेची भाषा इंग्रजी. खेड्यात प्रार्थनामंदिर, गाणे, कविता आणि रग्बी, सारे एकाच आवारात नांदत असे. कार्विन या सगळ्यात वाढला. गावाजवळच्या शाळेतून तो अ‍ॅबरिस्टविथच्या विद्यापीठ महाविद्यालयात गेला आणि वेल्श भाषा व साहित्य घेऊन पदवीधर झाला. त्या काळी सक्तीची लष्करी सेवा असे. ती त्याने नौदलात केली आणि तेवढ्या अवधीत रशियन भाषाही शिकून घेतली.

खेळाडू म्हणून तो हुशार, हलक्या पायांचा आणि बुद्धीने खेळणारा होता. तो दहा क्रमांकाच्या जागेवर खेळे. पुढच्यांनी मिळवलेल्या चेंडूचे काय करायचे, हे ठरवणारी ही जागा. पण त्याच जागेवर वेल्सकडे क्लिफ मॉर्गन हा मोठा खेळाडू होता. त्यामुळे कार्विनच्या वाट्याला देशासाठी अवघे दोन सामने आले, दोन्ही १९५८ सालचे. पुढे तो लॅनडव्हरीच्या शाळेत शिक्षक आणि नंतर कार्मार्थनच्या अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापक झाला. सकाळी वर्गात कविता, संध्याकाळी मैदानावर रग्बी, असा त्याचा क्रम होता. शिकवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच : उत्तर सांगून टाकायचे नाही, मुलाला ते शोधायला लावायचे.

आता त्या काळची जागतिक परिस्थिती पाहू. रग्बी जन्मली इंग्लंडात, पण तिची सत्ता केव्हाच दक्षिण गोलार्धात गेली होती. तीस लाखांहून कमी वस्तीच्या न्यूझीलंडचा काळ्या पोशाखातला संघ, म्हणजे ऑल ब्लॅक्स, सर्वांना धाक घालून होता. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स या चौघांचे निवडक खेळाडू घेऊन ब्रिटिश लायन्स हा संघ दौऱ्यावर जात असे. परंतु न्यूझीलंडमध्ये त्याने एकही मालिका जिंकली नव्हती. १९६६ साली तर चारही कसोटी सामने गमावून तो परतला होता.

यामागे एक समजूतही होती. रग्बी तेव्हा हौशी खेळ होता. खेळाडूंना पैसे मिळत नसत. सभ्य माणसाने फार सराव करणे, प्रशिक्षक नेमणे हे ब्रिटनमधील बऱ्याच जुन्या मंडळींना खेळाच्या शानीला न शोभणारे वाटे. १९७१ च्या दौऱ्यासाठी लायन्सनी कार्विनची निवड केली, तेव्हाही त्याच्या पदाचे अधिकृत नाव सहायक व्यवस्थापक असेच होते. डग स्मिथ व्यवस्थापक होते आणि वेल्सचा जॉन डॉज कर्णधार.

या सहायक व्यवस्थापकाने केले काय? न्यूझीलंडची ताकद पुढच्या आठांत आहे, हे तो जाणून होता. आपल्या आठांना तेवढी ताकद आणता येणार नाही. पण ते मागे रेटले गेले नाहीत आणि निम्मा चेंडू मिळाला, तरी आपले मागचे सात गडी सामना जिंकतील, असा त्याचा हिशेब होता. रेटारेटीचे शास्त्र आयर्लंडच्या रे मॅक्लॉफलिनला अधिक कळते, हे मान्य करून त्याने ते काम त्याच्यावर सोपवले. प्रशिक्षकाने आपल्यापेक्षा जाणत्या खेळाडूला शिकवू द्यावे, यात त्याला कमीपणा वाटला नाही. पहिल्या कसोटीच्या आठवडाभर आधी कँटरबरीविरुद्धच्या सामन्यात हाणामारी झाली. मॅक्लॉफलिनचा अंगठा आणि सँडी कारमायकेलच्या गालाचे हाड मोडले. दोघेही दौऱ्यातून बाद झाले. पण शिकवलेले मागे राहिले होते.

२६ जूनला डुनेडिन येथे पहिली कसोटी झाली. केव्हनेइथिन गावचाच बॅरी जॉन लायन्सचा दहा क्रमांकाचा खेळाडू होता. त्याने चेंडू पायाने अशा अचूक जागी टाकला की न्यूझीलंडचा फर्गी मॅकॉर्मिक दिवसभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावत राहिला. पुन्हा त्याची निवड कसोटीसाठी झाली नाही. लायन्स ९-३ ने जिंकले. क्राइस्टचर्चला दुसरी कसोटी मात्र न्यूझीलंडने २२-१२ अशी घेतली. चेंडू उचलून देणारा त्यांचा सिड गोइंग भारी पडला होता. कार्विनने पराभवाचे रडगाणे न गाता त्यावर उपाय शोधला. वेल्सच्या संघातून एकदाही न खेळलेला डेरेक क्विनेल हा तरुण त्याने तिसऱ्या कसोटीत उतरवला, तो मुख्यतः गोइंगला जखडून ठेवण्यासाठी. वेलिंग्टनला लायन्स १३-३ ने जिंकले. ऑकलंडची चौथी कसोटी १४-१४ अशी बरोबरीत सुटली आणि मालिका लायन्सची झाली. चार कसोट्यांतील लायन्सच्या ४८ गुणांपैकी ३० एकट्या बॅरी जॉनचे होते. न्यूझीलंडमध्ये लायन्सनी मालिका जिंकली ती तेवढीच. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

हा योगायोग नव्हता. कार्विन लॅनेली या औद्योगिक गावाच्या क्लबचाही प्रशिक्षक होता. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी स्ट्रेडी पार्क मैदानावर त्या क्लबने दौऱ्यावर आलेल्या न्यूझीलंडला ९-३ असे हरवले. पुढच्या जानेवारीत कार्डिफला बार्बेरियन्स संघ न्यूझीलंडशी खेळला, तेव्हा खेळाडूंशी चार शब्द बोलायला त्यालाच बोलावले गेले. बुजलेल्या फिल बेनेटला त्याने आपल्या अंगभूत ढंगाने खेळ, असा धीर दिला. थोड्याच वेळात बेनेटने आपल्या गोलरेषेजवळ, चेंडू सुरक्षित बाहेर टोलवायचा सोडून, एकामागून एक गड्यांना हुलकावण्या दिल्या. तिथून सुरू झालेली चढाई गॅरेथ एडवर्ड्सने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पूर्ण केली. रग्बीचे जाणकार आजही तिचे नाव काढतात.

कार्विनला मते होती आणि ती त्याने झाकली नाहीत. १९७० साली तो वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षातर्फे लॅनेलीतून संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. त्याच वर्षी जानेवारीत वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा संघ लॅनेलीशी खेळायला आला. त्याने आपल्या संघाची तयारी करून दिली, पण सामना पाहिला नाही. निषेध म्हणून तो खेळाडूंच्या खोलीतच बसून राहिला. ब्रिटिश सरकारने देऊ केलेला किताबही त्याने नाकारला.

१९७४ साली वेल्सच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली. याच्याइतका योग्य माणूस दुसरा कोण होता? पण वेल्सचा संघ निवडत असे पाच जणांची समिती. ज्याने संघ घडवायचा, त्याच्याच हाती निवडीची सूत्रे हवीत, असे कार्विनचे म्हणणे. रग्बी संघटनेला ते मान्य नव्हते. त्याने पत्र लिहून आपला अर्ज मागे घेतला. जागा जॉन डॉजला मिळाली.

इथे मी बराच काळ अडखळलो. कार्विनने थोडे नमते घेतले असते तर? डॉजच्या हाताखाली वेल्सने युरोपात मोठे यश मिळवले, म्हणजे संघटनेचे काही बिघडले नाही असे कोणी म्हणेल. परंतु १९५३ नंतर वेल्सला न्यूझीलंडवर एकदाही विजय मिळालेला नाही. तो कसा मिळवायचा हे ज्याला ठाऊक होते, तो माणूस घरचाच होता आणि बाहेर बसला होता. गंमत म्हणजे पुढे १९९५ साली रग्बीत पैसा आला, प्रशिक्षकाचा अधिकार सर्वत्र मान्य झाला, आणि १९९८ साली वेल्सने ग्रॅहम हेन्री या न्यूझीलंडच्या माणसाला प्रशिक्षक म्हणून आणले. जे घरच्या मास्तराला नाकारले, ते परक्याला देण्याची पाळी आली.

कार्विनची अखेरची वर्षे सुखाची नव्हती. लॅनेलीला त्याने १९७३ ते १९७६ सलग चार वेळा वेल्सचा चषक मिळवून दिला, मग इटलीत जाऊन रोव्हिगो क्लबला तिथले अजिंक्यपद जिंकून दिले. तो वर्तमानपत्रांत लिहीत होता, नभोवाणीवर बोलत होता. पण त्वचेच्या रोगाने तो गांजला होता, लग्न केले नव्हते आणि एकटेपणा वाढत गेला. १० जानेवारी १९८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या एका हॉटेलात त्याला मरण आले. वय अवघे त्रेपन्न.

माझे वडील ऊसतोडीला जातात. मी मराठी विषय घेतला तेव्हा गावात अनेकांनी विचारले, मराठी शिकून काय करणार? मला तेव्हा उत्तर देता आले नाही, आणि आजही पुरते येत नाही. पण आता असा प्रश्न आला की मला केव्हनेइथिनच्या खाणकामगाराचा हा मुलगा आठवतो. वेल्श कविता शिकवणाऱ्या या माणसाने न्यूझीलंडला हरवण्याची युक्ती वर्गात मुलांना शिकवता शिकवताच मिळवली, असे मला वाटते. त्याला हवी ती खुर्ची मिळाली नाही. मात्र बेनेटला त्या दिवशी जो धीर मिळाला, तसा धीर देणारा एखादा मास्तर आपल्यापैकी प्रत्येकाला भेटो, एवढेच मागणे.