घरात समुद्र आणणारे फिलिप हेन्री गॉस

काचेच्या पेटीत खारं पाणी भरून समुद्रातले जीव पाळायचे, ही हौस आज नवी राहिलेली नाही. पण ती घराघरांत पोचवण्यात मोठा वाटा होता फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाचा.

गॉस यांचा जन्म १८१० साली वूस्टर इथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं रंगवायचे. मुलाच्या हातात चित्रकला आली ती तिथूनच. घरची परिस्थिती बेताची, म्हणून सतराव्या वर्षी कारकुनी करायला न्यूफाउंडलंडला जावं लागलं. फावल्या वेळात किडे गोळा करता करता त्यांचा अभ्यास सुरू झाला. मग कॅनडात शेती केली, ती काही जमली नाही. अलाबामात मास्तरकी केली. पुढे जमैकात राहून तिथल्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं. विद्यापीठाची पदवी नसतानाही १८५६ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

१८५२ मध्ये प्रकृती ढासळली, तेव्हा पत्नी एमिली आणि छोट्या एडमंडला घेऊन ते डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटी लागली की खडकांतल्या डबक्यांतून समुद्रफुलं, खेकडे, छोटे मासे आणायचे आणि पाण्यात जगवून पाहायचे. नुसत्या पाण्यात ते टिकणं कठीण. म्हणून सोबत समुद्रशेवाळ ठेवायचं. उजेडात ते प्राणवायू सोडतं आणि प्राण्यांना श्वास घेता येतो. याच वाटेवर तेव्हा इतरही काहीजण होते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, त्यातले बरेच समुद्रजीव गॉस यांनीच पुरवले. १८५४ मध्ये त्यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि तो शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरी कसं करायचं, हेही त्यांनी सांगितलं.

लोकांना वेडच लागलं! टोपल्या, हातोडे घेऊन माणसं किनाऱ्यावर लोटली. पाहता पाहता खडकांमधली भरलेली डबकी ओस पडली. ज्यांनी समुद्रावर प्रेम करायला शिकवलं, त्यांनाच ही लूट पाहावी लागली. आपण लिहिलेल्या पुस्तकांचा त्यात हात आहे याचं त्यांना फार दुःख झालं, असं एडमंडने १९०७ मध्ये वडिलांविषयीच्या पुस्तकात नोंदवलं आहे. गॉस १८८८ साली वारले.

आज क्लीनर रॅस हा चिमुकला मासा हौसेने घरच्या टाकीत सोडतात. प्रवाळखडकांवर तो दिवसभर इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, आणि साफ करून घ्यायला मोठे मासेही त्याच्यापाशी येऊन थांबतात. घरच्या टाकीत मासे मोजके, परजीवी त्याहून कमी. दुसरं अन्न तो खायला शिकला नाही, तर उपाशी मरतो. तेव्हा मंडळी, पेटी जरूर ठेवा, पण कोणता जीव आणायचा आणि कोणता समुद्रातच राहू द्यायचा, हे आधी ठरवा. गॉस यांच्या आयुष्यातून घेण्यासारखं आहे ते हेच.