बावटा उभारणारा कप्तान

इंग्लंडात राहून इथल्या हवेला नावं ठेवत नाही असा मराठी माणूस विरळाच. पण आज छत्री घ्यायची की नाही, हे सकाळीच सांगायची प्रथा ज्याने पाडली, त्या रॉबर्ट फिट्झरॉयला आपण ओळखतो ते डार्विनच्या बोटीचा कप्तान म्हणून. 'बीगल'वरच्या त्या पाच वर्षांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून ती इथे सोडून देऊ. पुढे न्यूझीलंडची गव्हर्नरकी मिळाली, तीही दोनेक वर्षांत गेली.

१८५४ साली, पन्नाशीला टेकला असताना, बोर्ड ऑफ ट्रेडने त्याच्याकडे एक छोटंसं हवामान खातं सोपवलं. हवामान आणि व्यापार खात्याकडे? तर हो. समुद्रावर वारा कुठे कसा वाहतो याचे तक्ते हाताशी असले, की शिडाच्या जहाजाचे दिवस वाचत, आणि दिवस वाचले की पैसा. सरकारला हवे होते ते एवढे तक्तेच. उद्याचं सांग, असं त्याला कोणी म्हटलंच नव्हतं.

ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज मेलबर्नहून लिव्हरपूलला येत होतं. ऑस्ट्रेलियात सोनं कमावून परतणारी माणसं त्यावर होती. घर अगदी जवळ आलेलं, आणि वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर वादळाने ते फोडलं. चारशेहून जास्त माणसं गेली. त्याच वादळात शंभरावर जहाजं फुटली.

फिट्झरॉयचा हिशेब साधा होता. वादळापेक्षा तार वेगाने धावते, मग पुढच्या बंदरांना आधीच का कळवू नये? किनाऱ्यावरची ठाणी रोज सकाळी हवेचा दाब आणि वारा तारेने लंडनला कळवू लागली. १८६१ च्या फेब्रुवारीत इशारे सुरू झाले. इशाऱ्याची तार आली की बंदरातल्या खांबावर शंकू किंवा ढोलाच्या आकाराची खूण चढवायची. आपल्या कोकणात बंदरावर बावटा लागतो ना, तसंच. १ ऑगस्टपासून 'द टाइम्स'मध्ये अंदाजही छापून येऊ लागला. त्याला ज्योतिषाचा वास नको, म्हणून त्याने 'फोरकास्ट' हा शब्द वापरला.

अंदाज चुकले की लोक हसत. तारांचा खर्च पार्लमेंटात निघे. मासेमारीचे काही मालकही नाराज होते म्हणतात, कारण बावटा लागला की बोटी बंदरात आणि दिवस फुकट! फुकट गेलेला दिवस वहीत दिसतो. न बुडालेली बोट कुठल्या रकान्यात मांडणार? माझ्या मते त्याची खरी अडचण हीच होती.

पदरचा पैसा संपला, कानांनी कमी ऐकू येऊ लागलं, मन खचत गेलं. ३० एप्रिल १८६५ ला त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. घरच्यांसाठी मित्रांनी निधी जमवला. त्यात डार्विननेही १०० पौंड घातले.

पुढच्या वर्षी चौकशी समितीने त्याच्या कामावर ताशेरे ओढले आणि वादळाचे इशारे बंद झाले. मग मात्र बंदरांतूनच ओरड झाली आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. वर्तमानपत्रांतले अंदाज परत यायला १८७९ उजाडलं. रेडिओवर जहाजांसाठी जो हवामान अंदाज वाचतात, त्यातल्या 'फिनिस्टेर' या समुद्रपट्ट्याला २००२ पासून 'फिट्झरॉय' म्हणतात. त्या यादीत माणसाच्या नावाचा पट्टा तेवढा एकच आहे.