फोटो स्टुडिओत राबणाऱ्या पोराने दाखवून दिलं, आकाशगंगेतली काळी भोकं ही भोकं नाहीतच!

१८६६ साल. अमेरिकेतलं नॅशव्हिल शहर. तिथलं यादवी युद्ध संपून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. शहरातल्या एका फोटो स्टुडिओच्या गच्चीवर एक अवाढव्य यंत्र बसवलेलं होतं. स्टुडिओवाल्यांनी त्याला नाव दिलं होतं ज्युपिटर, म्हणजे गुरू ग्रह.

हे यंत्र फोटो काढायचं नाही, फोटो मोठे करायचं. विजेचे दिवे अजून आले नव्हते. त्यामुळे छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो बनवायचा तर कडक ऊन लागायचं. आता ऊन म्हटलं की सूर्य सरकणार. सूर्य सरकला की यंत्रही तेवढंच सरकवायला हवं, नाहीतर फोटो वाया.

म्हणून एक पोरगा दिवसभर उन्हात उभा करायचे. त्याने फक्त सूर्याकडे लक्ष ठेवायचं आणि यंत्र हळूहळू फिरवत राहायचं. याआधी ठेवलेली पोरं कंटाळून पेंगायची. मग एक नवा पोरगा आला. वय वर्षं नऊसुद्धा पूर्ण नाही. तो कधी पेंगला नाही.

त्याचं नाव एडवर्ड एमर्सन बर्नार्ड.

आज रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्या कुणालाही विचारा, हे नाव त्याला माहीत असतं. मृग नक्षत्रातला तो प्रसिद्ध घोड्याच्या तोंडासारखा काळा आकार बर्नार्डच्या यादीत ३३ व्या नंबरवर आहे. त्याच मृगाला वेढणारी अंधुक लाल कमान म्हणजे बर्नार्डचा लूप. एक तारा त्याच्या नावाचा, एक आकाशगंगा त्याच्या नावाची. आणि या माणसाचं शाळेतलं शिक्षण होतं सगळं मिळून दोन महिने.

बर्नार्डचा जन्म १६ डिसेंबर १८५७ चा. तो जन्मण्याआधीच वडील वारले होते. आई मेणाची फुलं बनवून विकायची आणि त्यावर दोन मुलांचं पोट भरायची. लिहायला-वाचायला तिनेच शिकवलं. त्यात युद्ध, त्यात कॉलऱ्याची साथ. एडवर्डलाही कॉलरा झाला होता, पण तो वाचला.

लहानपणी उन्हाळ्याच्या रात्री तो घराबाहेर एका मोडक्या गाडीच्या फळ्यांवर आडवा पडून आकाश बघायचा. अगदी डोक्यावर एक पांढराशुभ्र तारा यायचा. त्याचं नाव काय, हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. स्टुडिओतून रात्री घरी येताना त्याला आणखी एक पिवळसर तारा दिसायचा आणि तो बाकीच्या ताऱ्यांमधून हळूहळू जागा बदलतोय असं त्याच्या लक्षात आलं. तो शनी होता. पण हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

१८७६ मध्ये एका ओळखीच्या माणसाने त्याच्याकडे दोन डॉलर उसने मागितले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवलं. पैसे परत येणार नाहीत हे बर्नार्डला कळत होतं. त्याने पुस्तक उघडलं, तर ते निघालं खगोलशास्त्राचं! थॉमस डिक नावाच्या लेखकाचं. आत ताऱ्यांचे नकाशे होते. बर्नार्ड घरी गेला आणि खिडकीतून दिसणारं आकाश नकाशाशी ताडून बघायला बसला. लहानपणीचा तो डोक्यावरचा तारा म्हणजे अभिजित, हे त्याला तेव्हा समजलं. वय होतं १८ वर्षं.

यानंतर गडी थांबला नाही. ३८० डॉलर मोजून त्याने पाच इंची दुर्बीण विकत घेतली. त्याच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा भाग यात गेला.

पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं अधिवेशन नॅशव्हिलमध्ये भरलं. अध्यक्ष होते सायमन न्यूकम, त्या काळातले देशातले सगळ्यात मोठे खगोलशास्त्रज्ञ. बर्नार्ड हिय्या करून त्यांना भेटला. गणित येत नसेल तर या क्षेत्रात फार काही करता येणार नाही, असं न्यूकमनी सरळ सांगून टाकलं. असं सांगतात की बर्नार्ड तिथल्याच एका खांबाआड जाऊन रडला. मग त्याने गणिताची शिकवणी लावली.

न्यूकमनी आणखी एक गोष्ट सुचवली होती. धूमकेतू शोध, छोट्या दुर्बिणीतून तेवढं जमेल.

हा सल्ला नुसता उपयोगी नाही, कमाईचा ठरला. रॉचेस्टर शहरात एच. एच. वॉर्नर नावाचा पेटंट औषधं विकणारा एक श्रीमंत माणूस होता. नवा धूमकेतू शोधणाऱ्याला तो २०० डॉलर बक्षीस द्यायचा. १८८१ मध्ये बर्नार्डचं ऱ्होडा कॅल्व्हर्टशी लग्न झालं. तिचे भाऊ त्याच स्टुडिओत चित्रकार होते. नव्या संसाराला घर हवं होतं, पैसे नव्हते. त्याच वर्षी बर्नार्डला धूमकेतू सापडला. बक्षीस मिळालं, घर बांधायला काढलं. हप्ते थकायला लागले की कुठूनतरी पुढचा धूमकेतू हजर व्हायचा. त्या घराला लोक धूमकेतूंचं घर म्हणायला लागले ते काही उगाच नाही.

दिवसा स्टुडिओ, रात्री दुर्बीण. १८८३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याला बोलावून घेतलं. लहानशी वेधशाळा सांभाळायची आणि सोबत शिकायचं. आणि १८८८ मध्ये कॅलिफोर्नियात माउंट हॅमिल्टनच्या डोंगरावर लिक वेधशाळा सुरू झाली, तेव्हा तिथल्या मोजक्या खगोलशास्त्रज्ञांत हा स्टुडिओतला पोरगा होता.

इथून त्याच्या आयुष्यातली खरी गोष्ट सुरू होते.

लिकमध्ये ३६ इंची दुर्बीण होती. तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी भिंगाची दुर्बीण. पण तिची एक अडचण होती. लांबलचक दुर्बिणीतून आकाशाचा अगदी छोटा तुकडा दिसतो. ग्रह, जोडतारे बघायला ती उत्तम. आकाशगंगेचा पट्टा मात्र अर्ध्या आकाशावर पसरलेला आणि अतिशय अंधुक. तो त्या दुर्बिणीत मावणार कसा?

बर्नार्डला उत्तर सापडलं ते त्याच्या जुन्या धंद्यातलं. वेधशाळेकडे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका फोटोग्राफरकडून घेतलेली जुनी पोर्ट्रेट लेन्स होती. माणसांचे फोटो काढण्यासाठी बनवलेली, सहा इंच व्यासाची, विलार्ड लेन्स. पूर्वी गिऱ्हाइकाला फोटोसाठी बराच वेळ हलू न देता बसवायला लागायचं. तो वेळ कमी व्हावा म्हणून अशा लेन्स भरपूर प्रकाश घेतील आणि मोठा भाग टिपतील अशा बनवलेल्या असत. अंधुक आणि पसरलेल्या आकाशगंगेला नेमकं हेच हवं होतं. आजही आकाशाचे फोटो काढणारे हौशी लोक छोटी, जास्त प्रकाश घेणारी लेन्स वापरतात, त्यामागचं कारण तेच आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. तासभर टक लावून बघितलं तरी पहिल्या मिनिटाला दिसलं त्याहून फार जास्त दिसत नाही. फोटोच्या काचेचं तसं नसतं. तिच्यावर प्रकाश पडत राहतो आणि साठत राहतो.

पण पृथ्वी फिरते ना! तासाला १५ अंश आकाश सरकतं. दुर्बीण फिरवायला घड्याळासारखं यंत्र होतं, पण ते बिनचूक नव्हतं. मग बर्नार्ड काय करायचा, तर कॅमेऱ्याशेजारच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, एक तारा धरायचा आणि तो जरा हलला की हाताने दुर्बीण सावरायचा. थंडीत, अंधारात, सलग तीन-तीन तास, कधी त्याहूनही जास्त. मधे डुलकी लागली की काच वाया. ज्युपिटरवरची नोकरी इथे कामाला आली, एवढंच.

१८८९ च्या ऑगस्टमध्ये त्याने धनु राशीतल्या आकाशगंगेचा फोटो घेतला. काचेवर ढगांसारखे पुंजके उमटले आणि त्या पुंजक्यांत होते असंख्य तारे. त्याआधी आकाशगंगा अशी कुणी पाहिली नव्हती.

सगळं सुरळीत होतं असं मात्र समजू नका. वेधशाळेचे संचालक एडवर्ड होल्डन आणि बर्नार्ड यांचं अजिबात पटत नव्हतं. मोठ्या दुर्बिणीवर बसायला मिळावं म्हणून त्याला वरपर्यंत भांडावं लागलं. शेवटी आठवड्यातली एक रात्र मिळाली, शुक्रवारची. ९ सप्टेंबर १८९२, शुक्रवार. त्या रात्री त्याला गुरूजवळ एक ठिपका दिसला. तो गुरूचा पाचवा चंद्र होता. गॅलिलिओने १६१० मध्ये चार चंद्र पाहिले, त्यानंतर २८२ वर्षांनी. पुढच्याच महिन्यात त्याच्या फोटोवर एक धूमकेतू सापडला. फोटोवरून शोधला गेलेला हा जगातला पहिला धूमकेतू. हा नंतर हरवला आणि थेट २००८ मध्ये पुन्हा सापडला.

बर्नार्ड जगप्रसिद्ध झाला. पण त्याच्या फोटोंमध्ये एक गोष्ट होती जी त्याला अस्वस्थ करत होती.

ताऱ्यांच्या गर्दीत मधेच काळे डाग होते. काही गोल, काही लांब गल्लीसारखे, काही झाडाच्या फांद्यांसारखे. हे काय आहे? शंभर वर्षांपूर्वी विल्यम हर्शेलनेही दुर्बिणीतून अशा जागा पाहिल्या होत्या आणि तिथे तारेच नाहीत, आकाशाला भोक पडलंय, असं मानलं होतं. बर्नार्डही कितीतरी वर्षं तसंच मानत होता.

त्याचे स्वतःचेच फोटो वेगळं सांगत होते. काही डागांच्या कडा अंधुक उजळ होत्या. ज्येष्ठा ताऱ्याजवळ, वृश्चिक आणि भुजंगधारीच्या सीमेवर तर काळी गल्ली सरळ एका तेजोमेघाला चिकटलेली होती. भोकाला कडा कशी चमकेल? तरीही त्याने ठाम विधान करायला वीसेक वर्षं लावली. हे त्याच्या स्वभावाला धरून होतं. सिद्धांत मांडणं हे गणितवाल्यांचं काम, आपण फक्त दिसलं ते सांगायचं, असा त्याचा खाक्या. न्यूकमसमोरचा तो प्रसंग आत कुठेतरी राहिला असणार.

१८९५ मध्ये तो लिक सोडून शिकागो विद्यापीठाच्या यर्क्स वेधशाळेत गेला. तिथे ४० इंची दुर्बीण येणार होती. ती बसल्यावर मे १८९७ मध्ये एका पहाटे घुमटातली प्रचंड सरकती जमीन कोसळली. बर्नार्ड काही तासांपूर्वीच तिथून बाहेर पडला होता. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

कॅथरीन ब्रूस नावाच्या श्रीमंत बाईंनी दिलेल्या ७,००० डॉलरमधून यर्क्समध्ये खास आकाशाच्या फोटोंसाठी दहा इंची दुर्बीण तयार झाली. १९०५ मध्ये बर्नार्ड ती घेऊन थेट कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर गेला. कारण साधं आहे. यर्क्स इतकं उत्तरेला आहे की धनु रास क्षितिजाला चिकटूनच राहते. दक्षिणेला गेलं की ती वर येते. (महाराष्ट्रातून ती माउंट विल्सनपेक्षाही बरीच वर दिसते. पण ती रात्रभर दिसते ते महिने आपल्याकडे पावसाचे, हे आपलं नशीब.) माउंट विल्सनवर त्याने काही महिन्यांत आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो घेतले.

आणि मग आली १९१३ च्या उन्हाळ्यातली ती रात्र. चंद्र नव्हता, आकाश स्वच्छ होतं. बर्नार्ड नेहमीप्रमाणे धनु राशीतली आकाशगंगा टिपत होता. तेवढ्यात आपल्या पृथ्वीवरचेच, कापसाच्या बोंडाएवढे दिसणारे ढग तरंगत आले आणि उजळ ताऱ्यांच्या पुंजक्यांसमोरून जायला लागले. ढग काळे दिसत होते. अगदी त्याच्या फोटोतल्या डागांसारखे.

म्हणजे तिथे भोक नाही. तिथे काहीतरी आहे आणि ते मागच्या ताऱ्यांना झाकतंय.

१९१९ मध्ये त्याने अशा १८२ काळ्या जागांची यादी छापली. पुढे ती साडेतीनशेच्या घरात गेली. या जागा धूळ आणि वायूंच्या अतिथंड ढगांच्या आहेत आणि नवे तारे जन्मतात ते अशाच ढगांच्या पोटात, हे आज आपल्याला माहीत आहे. त्याच्या यादीतल्या ६८ नंबरच्या ढगाकडे साध्या कॅमेऱ्याने बघितलं तर नुसता काळा डाग दिसतो. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बघितलं की मागचे तारे चमकायला लागतात. ताऱ्यांमधली ही धूळ आकाशगंगेत सगळीकडेच प्रकाश अडवते, हे १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलरने मोजून सिद्ध केलं. योगायोग असा की तो लिक वेधशाळेतच काम करत होता.

मधल्या काळात, १९१६ मध्ये, बर्नार्डने आपल्या १८९४ च्या एका काचेची नव्या काचेशी तुलना केली आणि एक अंधुक तारा भलताच सरकलेला आढळला. हाच तो बर्नार्डचा तारा, आपल्यापासून सहा प्रकाशवर्षांवर. आकाशात याच्याइतका भरभर जागा बदलणारा दुसरा तारा नाही. आता भरभर म्हणजे किती? पौर्णिमेच्या चंद्राएवढं अंतर कापायला साधारण पावणेदोनशे वर्षं!

१९१४ मध्ये त्याला मधुमेह निघाला होता. डॉक्टरांनी रात्रीची जागरणं बंद करायला सांगितली. काही काळ त्याने ऐकलं. यर्क्सच्या घुमटात हिवाळ्यात शेकोटी करता येत नाही, कारण गरम हवेने दुर्बिणीतलं चित्र थरथरतं. तिथे तो परत जाऊन बसायला लागला. १९२१ मध्ये ऱ्होडा गेली. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, बर्नार्डही गेला.

त्याचं एक काम मागे उरलं होतं. आकाशगंगेच्या निवडक फोटोंचा ॲटलास. छपाईत बारीक छटा मरतात, म्हणून त्याने छापील चित्रं वापरायला नकार दिला होता. प्रत्येक प्रतीत खरे, कागदावर धुतलेले फोटोच लावायचे. प्रती ७००, प्रत्येकीत ५१ फोटो. म्हणजे ३५,७०० फोटो. यातला एकेक फोटो बर्नार्डने स्वतः तपासला होता.

उरलेलं काम ऱ्होडाची भाची मेरी कॅल्व्हर्ट आणि यर्क्सचे संचालक एडविन फ्रॉस्ट यांनी पूर्ण केलं. १९२७ मध्ये ॲटलास बाहेर पडला.