आनंदीबाईंनी दिलेलं उत्तर

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती परदेशात एमबीबीएस करतेय, तिसरं वर्ष आहे. साखरपुडा झालाय आणि होणारा नवरा इकडे नोकरीला. परीक्षेच्या धावपळीत दोन दिवस त्याचे फोन घेता आले नाहीत, तर तू आता बदललीस असं त्यानं ऐकवलं म्हणे. मावशी, माझं काय चुकलं गं, असं ती रडत रडत विचारत होती. मला एकदम आठवल्या त्या आनंदीबाई जोशी!

आपल्या पहिल्या स्त्री डॉक्टर म्हणून त्यांचं नाव आपण सगळ्याजणी शाळेपासून ऐकत आलोय. पण त्यांच्या शिक्षणामागे तीन वर्षांचा केवढा दुरावा होता, हे कुठे लक्षात राहतं?

१८६५ साली जन्मलेली ही कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे, बिजवर आणि पोस्टात नोकरीला. त्यांना बायकोला शिकवायचा ध्यास. अभ्यासात कुचराई झाली की मात्र मारायलाही मागेपुढे पाहत नसत. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांना वेळेवर उपचार मिळत नाहीत, पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज आड येते, हे या पोरीनं स्वतः सोसलं होतं. डॉक्टर व्हायचं तिनं मनाशी पक्कं केलं.

गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला मदतीसाठी लिहिलेलं पत्र अमेरिकेत एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी ते वाचलं. ओळख ना पाळख, तरी त्यांनी आनंदीला पत्र लिहिलं आणि दोघींचं मावशी-भाचीचं नातं जुळलं. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा नवऱ्याच्या बदल्यांबरोबर फिरत शेवटी बंगालमधल्या श्रीरामपूरला बिऱ्हाड होतं. दोघांनी मिळून जाणं काही जमेना. मग गोपाळरावांनी तिला एकटीलाच पाठवायचं ठरवलं. लोक नाही नाही ते बोलले. फेब्रुवारी १८८३ मध्ये तिनं श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभं राहून त्यांना उत्तर दिलं. एप्रिलमध्ये बोट सुटली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात आनंदीबाईंनी प्रवेश घेतला. परकी भाषा, हाडं गोठवणारी थंडी, त्यात शाकाहार सांभाळायचा. तब्येत आधीपासूनच नाजूक. एवढं सगळं असताना वाट पाहायची ती घरच्या पत्राची. पत्र यायला महिना उलटायचा. आणि त्यात काय असायचं, तर कधी कौतुक, कधी संशय आणि टोमणे! नऊवारीत त्या थंडीचा निभाव लागेना म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, तर त्याचाही गोपाळरावांना राग. ज्यांनी हट्टानं बायकोला पाठवलं, त्यांनाच ती आपल्या हातातून निसटेल अशी धास्ती वाटत होती.

आनंदीबाई गप्प बसल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. दहाव्या वर्षी खाल्लेला लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेली पुस्तकं आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या, सगळं त्यांनी पत्रात लिहून काढलं. त्या कोवळ्या वयाला हे झेपण्यासारखं नव्हतं, असं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. समोरासमोर जे कधी बोलता आलं नसतं, ते एवढ्या अंतरावरून लिहिता आलं. पण म्हणून त्यांनी नातं तोडलं नाही, आणि अभ्यासही सोडला नाही. नवऱ्यानं शिकवलं म्हणून आपण इथवर आलो, ही जाणीवही त्यांनी कायम ठेवली.

पुढे गोपाळराव स्वतः अमेरिकेत पोचले. तिथे भाषणांतून त्यांनी अमेरिकन समाजावरच टीका चालवली, त्यामुळे आनंदीबाईंची पंचाईत झाली ती वेगळीच. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागाही ठरली. पण तोवर क्षयानं त्यांना घेरलं होतं. त्या परतल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ज्यासाठी एवढं सोसलं, ते कोल्हापूरचं काम हाती घेणं काही नशिबी नव्हतं. त्यांच्या अस्थी अमेरिकेतल्या मावशीकडे गेल्या आणि त्यांनी त्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत जपून ठेवल्या.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुझं काहीच चुकलेलं नाही. परीक्षा नीट दे, आणि मग त्याला शांतपणे सांग की तुझ्या अशा बोलण्यानं मला काय वाटतं ते. मनात ठेवू नकोस. त्याला ते ऐकून घेता येतं का, हेही लग्नाआधीच कळलेलं बरं.

मैत्रिणींनो, तुमचीही एखादी लेक, भाची, नणंद लांब कुठे शिकत असेल. तिचा फोन आला की जेवलीस का एवढं विचारून थांबू नका. तिथे मन लागतंय का, कुणी काही बोललं का, हेही विचारा. परक्या देशात आनंदीबाईंना एक मावशी मिळाली होती. आपल्या पोरींना आपण आहोतच की!