लाल मण्यांचा हिशोब

दिवाळीपूर्वी कपाट आवरताना एक जुनी वही हाती आली. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. बँकेत रजिस्टरं असायची तशी. १९९१ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो, तेव्हाची ही वही. तिच्यात चार कारकुनांची नावं आहेत आणि प्रत्येक नावापुढे बारा महिन्यांच्या चुकांचे आकडे.

तेव्हा सगळं काम हातानं चाले. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडे, आकड्यांची उलटापालट होई, व्याजाचा गुणाकार फसे. महिनाअखेर लेजर जुळेना की रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत सगळी शाखा फरक शोधत बसायची. मी तरुण होतो, उत्साही होतो. कोण किती चुकतो याचा तक्ता मी भिंतीवर लावला. ज्याच्या चुका सर्वांत जास्त, त्याला मेमो. ज्याच्या कमी, त्याचं सर्वांदेखत कौतुक. गंमत अशी, की मेमो दिलेल्याच्या चुका पुढच्या महिन्यात हटकून कमी व्हायच्या आणि कौतुक झालेल्याच्या वाढायच्या. यावरून मी आयुष्याचं एक तत्त्वज्ञान बांधलं: मेमो लागू पडतो, कौतुक बाधतं. त्या चौघांपैकी एकाला वर्षात तीन मेमो मिळाले. त्याच्या गोपनीय अहवालात मी निष्काळजी हा शब्द लिहिला. त्या वर्षी त्याची बढती हुकली. पुढे तो कारकून म्हणूनच निवृत्त झाला.

हा शब्द मी कोणत्या आधारावर लिहिला, हे मला कळायला पुष्कळ वर्षं जावी लागली. ते कळलं ते डॉ. विल्यम एडवर्ड्स डेमिंग या माणसामुळे. त्यांना मी कधी पाहिलं नाही. २० डिसेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये राहत्या घरी ते वारले, तेव्हा त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं.

डेमिंग जन्मले १४ ऑक्टोबर १९०० रोजी, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. वाढले वायोमिंगमधल्या पॉवेल या आडगावी. घरची गरिबी होती. डांबरी कागद ठोकलेल्या खोपटात कुटुंबानं काही वर्षं काढली. आई पियानो शिकवी, वडील जमेल ती कामं करीत. शाळकरी एडवर्ड हॉटेलात पडेल ते काम करी आणि संध्याकाळी गावातले रस्त्यावरचे दिवे लावी. मोठेपणी जगभर मानमरातब मिळाला तरी ही काटकसर सुटली नाही. फ्रिजमधल्या अंड्यांवर ते पेनानं तारीख टाकून ठेवीत, म्हणजे आधीचं आधी खाल्लं जाईल. आम्हा बँकवाल्यांना हा माणूस आपला वाटावा तो इथे!

वायोमिंगमध्ये इंजिनिअरिंग, कोलोरॅडोत एम.एस., मग १९२८ साली येल विद्यापीठाची डॉक्टरेट असं शिक्षण झालं. पण खरी शाळा वेगळीच होती. १९२५ आणि १९२६ च्या उन्हाळ्यात त्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केलं. टेलिफोनचं सामान बनवणारा तो प्रचंड कारखाना. हजारो बायका-पुरुष तुकड्यावर मजुरी घेत राबत होते. माल बनवायचा आणि मग तपासनिसांच्या फौजेनं त्यातला वाईट निवडून फेकायचा, अशी रीत होती. फेकलेल्या मालाचीही मजुरी आणि कच्चा माल खर्च झालेलाच असतो, हे साधं गणित तिथे कुणी मांडत नव्हतं.

ते मांडलं वॉल्टर शूहार्ट या त्याच कंपनीच्या शास्त्रज्ञानं. १६ मे १९२४ रोजी त्यानं वरिष्ठांना एक पानभर टिपण पाठवलं. त्यात एक आलेख होता. कोणत्याही कामाचे आकडे थोडे खालीवर होणारच, असं त्याचं म्हणणं. हे हेलकावे दोन प्रकारचे. एक कामाच्या रचनेतच मुरलेले, सगळ्यांना सारखे भोवणारे. दुसरे काही खास कारणानं उद्भवलेले. आलेखावर सरासरीच्या वर आणि खाली एकेक मर्यादारेषा ओढायची. आकडा रेषेच्या आत असेल तर त्या एकट्या आकड्यामागे धावू नये, रचनाच सुधारावी. बाहेर गेला तर खास कारण शोधावं. गुणवत्तेचा आधुनिक व्यवसाय या एका पानातून सुरू झाला.

डेमिंग पुढे सरकारच्या कृषी खात्यात लागले. त्यांनी शूहार्टला गुरू मानलं. १९३६ साली ते लंडनला जाऊन फिशर आणि नेमन या संख्याशास्त्रज्ञांकडे शिकून आले. १९३८ मध्ये त्यांनी शूहार्टची व्याख्यानं आपल्या खात्याच्या शाळेत ठेवली आणि पुढच्या वर्षी संपादन करून त्यांचं पुस्तक काढलं. स्वतः डॉक्टरेट झालेला माणूस दुसऱ्याची व्याख्यानं नीटनेटकी करत बसतो, यातच त्याच्या शिकण्याची जात कळते. पुढे जपाननं जे सुधारणेचं चक्र डेमिंग यांच्या नावानं ओळखलं, त्याला ते स्वतः आग्रहानं शूहार्टचंच चक्र म्हणत.

आपल्याकडेही ही हवा लवकर आली होती, हे फारसं कुणाला आठवत नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेला. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना-पाहणीविषयक उपआयोगात महालनोबिस आणि डेमिंग एकत्र बसत. १९४० च्या अमेरिकी जनगणनेत नमुना-पद्धत आणण्यात डेमिंग यांचा मोठा वाटा होता.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हजारो इंजिनिअर आणि तपासनिसांना आलेख शिकवले. १९४६ मध्ये अमेरिकेत गुणवत्ता नियंत्रणाची व्यावसायिक संस्थाही स्थापन झाली. पण युद्ध संपलं आणि आलेख भिंतीवरून उतरले. बाजारात मालाला इतकी मागणी होती की जे बनेल ते खपत होतं. डेमिंग यांना यातून एक धडा मिळाला. शिकवलं होतं ते खालच्यांना. वरच्यांना शिकवायचं राहूनच गेलं होतं.

ही चूक त्यांनी जपानमध्ये सुधारली. १९५० च्या जुलैत जपानी शास्त्रज्ञ-इंजिनिअरांच्या संघटनेनं त्यांना तोक्योत आठ दिवसांच्या वर्गासाठी बोलावलं. वर्ग चालू असतानाच त्यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना भेटण्याचा आग्रह धरला. १३ जुलैच्या संध्याकाळी एकवीस कंपन्यांचे प्रमुख जेवायला जमले. देश बेचिराख झालेला, जपानी माल म्हणजे तकलादू अशी जगभर ख्याती. त्यांना डेमिंग यांनी समजावलं, की गुणवत्ता वाढवली की नासाडी आणि दुरुस्ती घटते, खर्च उतरतो आणि बाजारपेठ मिळते. मात्र हे काम मालकाच्या टेबलापासून सुरू व्हायला हवं. त्या मंडळींनी ते मनावर घेतलं. व्याख्यानांच्या पुस्तकाचं मानधन डेमिंग यांनी परत संघटनेलाच दिलं. त्यातून १९५१ पासून डेमिंग पारितोषिक सुरू झालं. १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला आणि २००३ मध्ये मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळालं, ते हेच.

आणि मायदेशी? तीस वर्षं कारखानदारीनं त्यांना फारसं विचारलं नाही. ते वॉशिंग्टनच्या घरात तळघरातल्या कचेरीत बसून काम करीत, न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवीत, फुरसतीत चर्चसाठी संगीत रचीत. जपानी मोटारींनी डेट्रॉइटला घाम फोडला, तेव्हा २४ जून १९८० रोजी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमानं हा एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा अमेरिकेला दाखवला. मग फोर्डसह मोठमोठ्या कंपन्यांची रीघ लागली. पुढची तेरा वर्षं ते गावोगाव चार-चार दिवसांचे वर्ग घेत हिंडले. शेवटचा वर्ग त्यांनी मृत्यूच्या काही दिवस आधी घेतला.

या वर्गांत ते एक खेळ करीत. एका खोक्यात चार हजार मणी. त्यातले आठशे लाल, बाकी पांढरे. पन्नास खळग्यांची एक पळी. श्रोत्यांतून सहा कामगार निवडायचे. त्यांनी पळी खोक्यात बुडवून पन्नास मणी काढायचे. गिऱ्हाइकाला फक्त पांढरे हवेत, लाल म्हणजे चूक. डेमिंग स्वतः मुकादम होत. कुणाच्या पळीत सहा लाल आले की त्याची पाठ थोपटत, कुणाच्या चौदा आले की सर्वांसमोर झाडत. घोषणा लावत, बक्षिसं देत, शेवटी कामावरून काढूनही टाकत. लोक हसून बेजार होत. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येई, की खोक्यातच पाचातला एक मणी लाल आहे. कामगारानं जीव ओतला तरी सरासरी दहा लाल येणारच. खोकं भरणारा तर वेगळाच आहे, आणि त्याला कुणीच बोलत नाही.

बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात आम्हाला हा खेळ करून दाखवला, तेव्हा सगळे हसले. मी मात्र गप्प होतो. घरी येऊन ही वही काढली. त्या चौघांचं काम साधारण सारखंच असे. दरमहा दरडोई चुकांची सरासरी निघाली नऊ. शूहार्टच्या रीतीनं नवाचं वर्गमूळ तीन, त्याची तिप्पट नऊ. म्हणजे खालची मर्यादा शून्य आणि वरची अठरा. माझ्या निष्काळजी माणसाचा सर्वांत वाईट महिना होता सोळा चुकांचा. रेषेच्या आत. वर्षभरात चौघांपैकी एकाचाही एकही आकडा रेषेबाहेर नव्हता. मेमोनंतर चुका कमी होत होत्या, कारण फार वर गेलेला आकडा पुढच्या खेपेला बहुधा सरासरीकडे उतरतोच. कौतुकानंतर वाढत होत्या त्याही त्याच कारणानं. मेमो आणि कौतुक दोन्ही निरुपयोगी होती. मी चार माणसांच्या पळ्या मोजत होतो.

वर दोन अधिकाऱ्यांच्या सह्यांची आमची रीत. पहिला म्हणे दुसरा बघेल, दुसरा म्हणे पहिल्यानं बघितलं असेलच. तपासणी दुप्पट केली की तपासणी होतच नाही, हेही डेमिंग सांगून गेले होते.

आता लेजर गेली. व्याज यंत्र काढतं, आलेख डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर उमटतो. गुणवत्तेच्या त्या अमेरिकी संस्थेनंही १९९७ मध्ये आपल्या नावातला नियंत्रण हा शब्द काढून टाकला. मोजण्याचं काम यंत्रानं घेतलं म्हणून या व्यवसायाचं काम संपलं का? मला उलट वाटतं. शाखाशाखांतून आज जे फलक संगणकावर झळकतात, त्यात कालच्यापेक्षा आज कमी म्हणजे लाल, जास्त म्हणजे हिरवं. मर्यादारेषा कुठेच नाही. सकाळी मोबाइलवर शाखांची क्रमवारी येते आणि तळाच्या शाखाधिकाऱ्याचा दिवस तिथेच नासतो. हा माझा १९९१ चा भिंतीवरचा तक्ताच आहे, फक्त तो आता महिन्याऐवजी तासातासाला बदलतो. उद्दिष्टाच्या धाकानं न मागितलेली विमा पॉलिसी म्हाताऱ्या खातेदाराच्या गळ्यात पडते, तेव्हा पडद्यावर मात्र हिरवा दिवा लागतो.

शिकण्याचंही तसंच. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हाला संगणकावरचे पाठ सक्तीचे होते. पुढे-पुढे करत बटण दाबायचं, शेवटी दहा प्रश्न. उत्तरं कुणीतरी आधीच फिरवलेली. प्रमाणपत्र छापून फायलीत. डेमिंग यांच्या चौदा सूत्रांत कामाचं प्रशिक्षण हे सहावं सूत्र आहे आणि माणसाचं शिक्षण आणि आत्मविकास हे वेगळं तेरावं. या दोहोंच्या मधलं, आठवं सूत्र आहे मनातली भीती घालवण्याचं. धाकात माणूस आकडे सुधारायला शिकतो, काम सुधारायला नाही. आकडे मोजणं यंत्रावर सोपवता येईल. पण खोकं कुणी भरलं, हे वरच्याला विचारण्याचं धैर्य कुठल्या पाठात मिळतं?

या दिवाळीत ती वही घेऊन मी त्या गावी गेलो. तो आता सत्तरीत आहे. ओट्यावर बसून त्यानं आकडे पाहिले, रेषा पाहिल्या, सगळं समजून घेतलं. रागावला नाही. मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली. त्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एक. नावंही तीच ती. त्यात जुने आणि नवे खाते क्रमांक दोन्ही चालू. चुका तिथेच व्हायच्या, चौघांच्याही. सारख्या नावांच्या खात्यांना रंगीत चिठ्ठ्या लावाव्यात, असं तो एकदा माझ्या केबिनमध्ये सांगायला आला होता. आधी स्वतःचं काम सुधारा, असं मी त्याला ऐकवलं होतं म्हणे. मला ते आठवत नाही. त्याला तारखेसकट आठवत होतं.

त्यानं चहा केला. निघताना वही मी त्याच्याकडेच ठेवली. गोपनीय अहवालातला तो शब्द खोडण्याची सोय आता कुठल्याच बँकेत नाही. म्हणून इथे लिहिलं.