अडखळत वाचणारी मुले आणि ताराबाई मोडक

चौथी-पाचवीत जाऊनही धड वाचता न येणारे एखादे मूल आपल्या कर्जत-खालापूर भागात तुमच्याही पाहण्यात असेल. बोलण्यात चटपटीत, बाजारहाटाच्या हिशेबात पक्के. पण पुस्तक उघडले की अडखळते. घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत करते. उर्दू शाळेत असेल, तर बे, पे, ते यांच्या नुक्त्यांत हरवते. आपण त्याला ढ ठरवून मोकळे होतो. अशांपैकी काहींना डिस्लेक्सिया असतो. हा बुद्धीचा दोष नव्हे. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालणे त्यांना जड जाते. काहींना तर वाचायला नीट शिकवलेलेच नसते. दोघांनाही गरज असते ती तयार शिक्षकाची, आणि असे शिक्षक घडविण्यातच ताराबाई मोडक यांचे आयुष्य गेले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. त्या काळी स्त्रीला हे किती कठीण गेले असेल, याची कल्पना तुम्हीच करा. पुढे राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मानाची, पगाराची नोकरी! ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे लहान मुलांत काम करावयास गेल्या.

तेथे माँटेसरी पद्धतीचा अभ्यास व प्रयोग झाले. या पद्धतीचे मूळ आपल्या विषयाशी फार जवळचे आहे. मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरीणबाईंनी प्रथम रोममधील मंदबुद्धी म्हणून बाजूला काढलेल्या मुलांना वाचा-लिहावयास शिकविले. खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवायची आणि त्याच वेळी त्यांचा उच्चार करायचा, अशी ती रीत. डोळा, कान आणि बोट तिघेही एकदम शिकतात. आज डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे शिक्षक याच वाटेने जातात. पॉलिशपेपरचा एक ताव आणि कात्री, एवढ्यावर हे घरीही करता येते.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ पासून दादरला ताराबाईंनी शिशुविहार चालविले आणि शिक्षिकाही तयार केल्या. शिकवण्याआधी मुलाकडे नीट पाहावयास शिका, हा त्यांचा आग्रह असे. मूल चुकले, तर ते कोठे आणि का अडले हे शिक्षिकेने शोधावे. छडी शोधू नये.

मात्र शहरातील यशावर त्या थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, डहाणू तालुक्यातील बोर्डीला त्या गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पाने आली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरतात तेथेच शाळा. आपल्याकडील ठाकरवाड्या, कातकरीवाड्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या कामाचे मोल कळेल. त्या वारली मुलांची घरची बोली एक आणि पुस्तकातील भाषा दुसरी. ही अडचण आपल्या घरांनाही नवी नाही!

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

डिस्लेक्सियाला कायद्याची मान्यता मिळावयास मात्र २०१६ साल उजाडले. त्या वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा समावेश आहे. अशा मुलांना शालान्त परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण त्यासाठी तपासणी व दाखला लागतो. दहावीचे वर्ष येईपर्यंत थांबू नका. मूल दुसरी-तिसरीत अडखळू लागले की तेव्हाच त्याच्या शिक्षकांना जाऊन भेटा.