वकील व्हायचे होते त्याला

वाचकहो, माल्कम एक्स हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेले असेल. अमेरिकेतील काळ्या लोकांचा जहाल वक्ता, हज करून आलेला मलिक अश-शबाज, भर सभेत गोळ्या घालून मारला गेलेला पुढारी, एवढी ओळख पुष्कळांना असते. आज मला तुम्हांला त्याच्या शाळेत न्यावयाचे आहे, कारण त्याच्या आयुष्याची गाठ तेथे पडली.

त्याचा जन्म १९ मे १९२५ रोजी ओमाहा शहरी झाला. वडील अर्ल लिटल हे ख्रिस्ती धर्मोपदेशक व मार्कस गार्वे यांच्या चळवळीचे कार्यकर्ते होते. आई लुईस मूळची ग्रेनाडा बेटावरची, शिकलेली. मिशिगन राज्यात लॅन्सिंग येथे त्यांनी घर घेतले, पण त्या जागेच्या कागदपत्रांतच अट होती की येथे गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये. कोर्टाने घर सोडण्याचा हुकूम केला, आणि १९२९ साली एका रात्री ते घर जळून खाक झाले. १९३१ मध्ये वडील ट्रामखाली सापडून मरण पावले. अपघात अशी नोंद झाली, काळ्या वस्तीत कुजबूज मात्र वेगळीच होती. माल्कम तेव्हा सहा वर्षांचा होता. सात लेकरांची ती विधवा माता मंदीच्या दिवसांत उपासमारीशी झगडत राहिली आणि अखेर १९३९ मध्ये तिला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. मुलांची ताटातूट झाली.

इतके होऊनही या मुलाचा भाबडेपणा शिल्लक होता, ही गोष्ट ध्यानात घ्या. दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांच्या शाळा, बसमधील जागा, पाण्याचे नळ कायद्यानेच निराळे होते. मिशिगनमध्ये तशी पाटी नव्हती. मेसन या छोट्या गावी मुलांच्या सुधारगृहात माल्कमला ठेवले, व तो गोऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागला. वर्गात जवळजवळ तो एकटाच काळा. सुधारगृह चालविणारे पतिपत्नी त्याच्याशी मायेने वागत, पण त्याच्या देखतच काळ्यांना दिली जाणारी ती शिवी सहज बोलून जात. जणू तो तेथे बसलेलाच नाही! इतिहासाच्या पुस्तकात निग्रोंचा सारा इतिहास एका परिच्छेदात आटोपला होता, आणि गुरुजींनी तो हसत हसत वाचून दाखविला. माल्कमने तेही गिळले. अभ्यासात तो पहिल्या काही मुलांत होता. सातवीत मुलांनी त्याला वर्गाचा अध्यक्ष निवडले. चांगले गुण मिळवले, नीट वागले, की आपणही यांच्यातलेच, असे त्याने मनाशी धरले होते.

आठवीत असताना इंग्रजीच्या शिक्षकांनी त्याला विचारले, पुढे काय व्हावयाचा विचार आहे? हे शिक्षक त्याला आवडत असत. माल्कम म्हणाला, वकील. शिक्षक खुर्चीत रेलून किंचित हसले. त्यांनी तीच शिवी वापरून समजावले की तुझ्यासारख्याला हे शक्य नाही, वस्तुस्थिती ओळखून चालावे. तुझे हात कसबी आहेत, लोकांना तू आवडतोस, सुतारकाम का करीत नाहीस?

सुतारकाम हलके नव्हे. पण माल्कमने मग वर्गमित्रांकडे चौकशी केली. कोणाला जनावरांचा डॉक्टर व्हायचे होते, कोणा मुलीला परिचारिका. बहुतेकांचे गुण त्याच्याहून कमी. त्या सर्वांना त्याच शिक्षकांनी शाबासकी दिली होती.

त्या दिवसापासून तो आतून मिटत गेला. पूर्वी अंगावरून ओघळून जाणारी शिवी आता टोचू लागली. लोक विचारीत, तुला झाले तरी काय? तो काही सांगत नसे. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिले आहे की त्या गुरुजींच्या मनात बहुधा वाईट काही नव्हते. मी स्वतः वर्गावर जाणारा माणूस आहे, आणि मला हेच वाक्य सर्वांत जड वाटते. पालकहो, एवढे शिकून आपल्याला नोकरी कोण देणार, असे आपल्या घरांतूनही मुलांच्या कानी पडते, आणि तेही मायेपोटीच.

१९४१ मध्ये शाळा सोडून तो बॉस्टनला सावत्र बहिणीकडे गेला. नंतर जुगार, अमली पदार्थ, घरफोड्या आणि १९४६ साली तुरुंग. तेथे त्याला आपले अक्षरही धड वळत नाही असे आढळले. तेव्हा त्याने शब्दकोश मागवून पहिल्या पानापासून वहीत उतरवावयास घेतला, अगदी विरामचिन्हांसकट. रात्री दिवे मालवल्यावर बाहेरच्या मिणमिणत्या उजेडात तो वाचीत बसे. तुरुंगातच तो नेशन ऑफ इस्लाम या संघटनेकडे वळला. सर्व गोरे सैतान आहेत ही तिची शिकवण इस्लामच्या शिकवणुकीपासून दूर होती, पण मेसनच्या त्या मुलाला ती पटली यात नवल काय? १९६४ साली त्याने ती संघटना सोडली आणि एप्रिलमध्ये तो हजला गेला. तेथे निळ्या डोळ्यांच्या, गोऱ्या कातडीच्या मुसलमानांबरोबर तो एका ताटात जेवला. कातडीवरून माणूस पारखण्याचे त्याने तेथे सोडून दिले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वादसभेत त्याने आपली बाजू मांडली. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याची हत्या झाली. वय अवघे ३९. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या अखेरीस त्याने आपली मोठी उणीव सांगितली आहे: मनासारखे रीतसर शिक्षण मिळाले नाही, मिळते तर कदाचित आपण वकील झालो असतो.